वाचक विचारतात : स्पीकरचा माइक होतो का?

मागच्या वेळी तुटलेल्या इअरफोनची वायर कशी जोडायची ते लिहिलं होतं, त्यावर आलेले मेसेज बघून मजा वाटली, कारण सोल्डरिंग राहिलं बाजूला आणि बऱ्याच जणांनी उलटंच विचारलंय की इअरफोनमध्ये बोललं तर तो माइक होतो हे खरं का. हो, खरं आहे. छोटा स्पीकर, हेडफोन, जुन्या फोनचा रिसीव्हर, बझर, ही सगळी मंडळी बोलतात तशी ऐकतातही. भानगड सगळी पुढे आहे, म्हणजे तुम्ही त्याला कशात घुसवताय तिथे. तर यावेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतलेत.

प्रश्न (इचलकरंजी, बारावीतला विद्यार्थी) : ताई, माझ्या हेडफोनचा माइक गेलाय. मित्र म्हणाला, कॉम्प्युटरच्या गुलाबी सॉकेटात हेडफोनचीच पिन घाल आणि हेडफोनमध्ये बोल. केलं, आणि चक्क आवाज आला, पण एकदम बारीक, आणि फक्त डाव्या बाजूत बोललं तरच येतो. मोबाइलला स्प्लिटर लावून माइकच्या सॉकेटात तोच हेडफोन घातला तर मात्र मधेच गाणी सुरू होतात आणि बंद होतात! असं का? आणि हेडफोन खराब तर होणार नाही ना?

हेडफोनला काही होणार नाही, ते आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचशील.

हेडफोनच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याला चिकटलेली बारीक तारेची कॉइल असते आणि ती कॉइल चुंबकाच्या फटीत लोंबकळत असते. करंट सोडला की कॉइल हलते, पडदा हलतो, आवाज होतो. आता उलट कर, पडद्यावर बोल, म्हणजे पडदा हलेल, कॉइल चुंबकात हलेल आणि तिच्यात वीज तयार होईल. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं ते हेच, आणि सायकलचा डायनॅमो चालतो तोही यावरच. गाणाऱ्यांच्या हातात असतो तो स्टेजवरचा डायनॅमिक माइकसुद्धा आतून असाच असतो, फक्त त्याचा पडदा आणि कॉइल ऐकण्याच्या कामासाठी हलकी बनवलेली असते.

आवाज बारीक का, तर कॉम्प्युटरचा गुलाबी सॉकेट बनवलाय इलेक्ट्रेट माइकसाठी. त्या माइकच्या पोटातच एक छोटा ट्रान्झिस्टर बसलेला असतो, त्याला सॉकेटातून दोन-तीन व्होल्ट मिळतात आणि जवळून बोललं की तो दहा-एक मिलिव्होल्ट देतो. तुझा ३२ ओहमचा हेडफोन मिलिव्होल्टचा जेमतेम काही भाग देतो, कारण त्याच्यात मोठं करणारं कोणी बसलेलंच नाही. म्हणून सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट २० किंवा ३० डेसिबलने वाढव. २० म्हणजे दहा पट. सोबत सूं-सूं पण दहा पट होईल, त्याला इलाज नाही, तोंड अगदी जवळ न्यायचं आणि ‘प’ ‘फ’ म्हणताना जरा बाजूला व्हायचं. आणि फक्त डावा का, तर त्या पिनच्या टोकाला डावा कान असतो आणि सॉकेटला माइक हवा असतो तोही टोकालाच. ते दोन-तीन व्होल्ट येतात ते पण दोन-एक हजार ओहमच्या रेझिस्टरमधून, त्यामुळे हेडफोनमधून फार तर मिलिअँपिअरभर करंट जातो, पडदा किंचित एका बाजूला सरकून बसतो आणि तेवढंच.

मोबाइलची गोष्ट वेगळी आहे आणि खरी गंमत तिथेच आहे. मोबाइल माइकच्या पायावर किती ओहम दिसतात ते सतत बघत असतो. हजार ओहम किंवा जास्त दिसले तर त्याला वाटतं माइक आहे. इअरफोनच्या वायरीवरची बटणं म्हणजे आत वेगवेगळे रेझिस्टरच असतात, आणि अँड्रॉइडच्या नियमात ७० ओहमच्या खाली दिसलं की ते प्ले-पॉझचं बटण धरायचं असं ठरलेलं आहे. तुझा हेडफोन ३२ ओहमचा. म्हणजे फोनला वाटतंय तू बटण दाबून धरलंयस! त्यावर उपाय असा, की माइकचा पाय आणि हेडफोन यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक, प्लस बाजू फोनकडे, म्हणजे डीसी अडेल आणि आवाज जाईल. शिवाय माइकचा पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाक म्हणजे फोनला माइक लावल्यासारखं वाटेल. हल्लीच्या चार पट्ट्यांच्या पिनवर टोकाकडून मोजलं तर डावा, उजवा, ग्राउंड आणि सगळ्यात शेवटी माइक असा क्रम असतो, काही जुन्या फोनमध्ये शेवटचे दोन उलटे असायचे. एवढं करून आवाज बारीकच राहणार हं, कारण फोनला बूस्ट वाढवायची सोय सहसा नसते. खरं सांगू का, रोजच्या ऑनलाइन क्लाससाठी हे करू नकोस, सुटा इलेक्ट्रेट माइक अगदी स्वस्तात मिळतो. प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायला मात्र याच्याइतका छान प्रयोग नाही.

प्रश्न (रत्नागिरी, मर्चंट नेव्हीतले वाचक) : आमच्या जहाजावर इंजिन रूम ते ब्रिज (जहाज चालवतात ती खोली) असा एक फोन आहे, त्याला बॅटरी नाही, वीज नाही, नुसतं हँडल फिरवायचं आणि बोलायचं. पूर्ण ब्लॅकआउट झाला तरी चालतो. हे तुम्ही म्हणताय तेच का?

तेच आहे, फक्त उत्तम कारागिरीने केलेलं. त्याला साउंड पॉवर्ड टेलिफोन म्हणतात, आणि त्यात बोलायचं आणि ऐकायचं कॅप्सूल आतून एकाच जातीचं असतं. तुमच्या आवाजाने पडदा हलतो, पडद्याला जोडलेली लोखंडी पट्टी चुंबकात हलते, वीज तयार होते आणि तीच वीज दुसऱ्या टोकाचा पडदा हलवते. म्हणजे मधे शक्ती लावणारं कोणी नाही, सगळी शक्ती बोलणाऱ्याच्या छातीतली, म्हणूनच त्यात ओरडल्यासारखं बोलावं लागतं, तुम्हाला माहीत असेलच. हँडल म्हणजे समोरच्याची घंटा वाजवायला हाताने फिरवायचा जनरेटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाच्या जहाजांवर हेच फोन होते.

मुळात टेलिफोन सुरू झाला तोच असा. बेलचं पेटंट ७ मार्च १८७६ चं, आणि पुढच्या वर्षी जे पहिले फोन लोकांना भाड्याने मिळायला लागले त्यात एकच तोंड असायचं, त्यातच बोलायचं आणि मग तेच कानाला लावायचं. लांबवर आवाज पोचेना तेव्हा एडिसनचा कार्बनचा माइक आला. तो स्वतः वीज बनवत नाही, बॅटरीतून येणारा करंट आवाजाप्रमाणे कमी-जास्त करतो, नळाच्या तोटीसारखा, म्हणून त्यातून कितीतरी मोठा आवाज मिळतो. आपल्याकडच्या जुन्या काळ्या डायलच्या फोनमध्ये बोलायच्या बाजूला हीच कार्बनची डबी असायची. भंगारात असा हँडसेट मिळाला तर बोलायच्या बाजूची डबी तशीच राहू द्या पण ऐकायच्या बाजूची जपून काढा, ती माइक म्हणून छान चालते.

प्रश्न (विटा) : आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, आजी खाली. तिला मोबाइल उचलणं जमत नाही. पूर्वी डॉक्टरांकडे असायचा तसा इंटरकॉम करायचाय, ज्यात एकच स्पीकर बोलायचा आणि ऐकायचाही. घरी सोल्डरिंग येतं. सर्किट सांगा, सोपं.

छान विचार आहे, आणि तो जुना इंटरकॉम मला अजूनही आवडतो कारण खालच्या माणसाला काहीच दाबावं लागत नाही.

युक्ती सगळी स्विचमध्ये आहे. ॲम्प्लिफायर एकच, वरच्या डब्यात. स्विच दाबला नसेल तेव्हा खालचा स्पीकर माइक आणि वरचा स्पीकर स्पीकर. दाबला की अदलाबदल, म्हणजे तुम्ही बोलता आणि आजी ऐकते. त्यासाठी सहा पायांचा डीपीडीटी स्विच घ्या, सोडल्यावर स्प्रिंगने परत येणारा. मधल्या दोन पायांना दोन स्पीकर जोडा आणि कडेच्या चार पायांना ॲम्प्लिफायरचं इनपुट आणि आउटपुट आडवंतिडवं, म्हणजे एकीकडे असताना वरचा आउटपुटला नि खालचा इनपुटला, दुसरीकडे उलटं.

ॲम्प्लिफायरसाठी एलएम ३८६ ही आठ पायांची आयसी पुरे. ती नुसती ठेवली तर २० पट वाढवते, पाय १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की २०० पट. नऊ व्होल्टवर चालते. पण बरेच जण ८ ओहमचा स्पीकर सरळ तिच्या इनपुटला जोडतात आणि मग म्हणतात चालत नाही. चालतं हो, फार हळू चालतं. वीतभर अंतरावरून बोललं तर स्पीकर मिलिव्होल्टचा सातवा-आठवा भाग देतो, त्याचं २०० पट करून काय होणार. म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर घाला. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओत, ज्यात शेवटी एसी १२८ या ट्रान्झिस्टरची जोडी असायची, तिथे छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, एका बाजूला ८ ओहम आणि दुसऱ्या बाजूला साधारण हजार. तो उलटा लावायचा, स्पीकर ८ ओहमच्या बाजूला आणि आयसी हजारच्या बाजूला. हजार भागिले आठ म्हणजे १२५, त्याचं वर्गमूळ साधारण ११, म्हणजे फुकटात व्होल्टेज ११ पट आणि वर सूं-सूं पण नाही! पुढे आयसीचे २००, एकूण दोन हजारांच्या वर, आता खोलीत नीट ऐकू येतं. हल्लीच्या रेडिओत हा ट्रान्सफॉर्मर नसतो, भंगारातला जुना शोधा, नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारून बघा.

ट्रान्सफॉर्मर नाहीच मिळाला तर बीसी ५४७ ट्रान्झिस्टर कॉमन बेस पद्धतीने लावा, म्हणजे स्पीकर एमिटरला, बेस कपॅसिटरने ग्राउंडला, आउटपुट कलेक्टरवरून. अर्धा मिलिअँपिअर करंट ठेवला तर त्याचं इनपुट पन्नास-एक ओहमचं होतं आणि छोट्या स्पीकरशी त्याचं जमतं. नेहमीची कॉमन एमिटरची पद्धत इथे तितकी चांगली नाही. कोणी २३० व्होल्टचा बॅटरी एलिमिनेटरवाला ट्रान्सफॉर्मर उलटा लावा म्हणून सांगेल, आवाज मोठा येतो पण आसपासच्या वायरिंगचं घूं पण तितकंच मोठं होतं, त्यापेक्षा बीसी ५४७ बरा.

वायर खाली नेताना दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्या आणि लाइटच्या पट्टीतून अजिबात नेऊ नका, ५० हर्ट्झचा घूं तिथूनच येतो. डब्याच्या आत इनपुटच्या आणि आउटपुटच्या वायरी लांब ठेवा, जवळ आल्या तर शिट्टी मारते. आजी पलंगावरून, लांबून बोलणार असेल तर ट्रान्सफॉर्मरनंतर एक ट्रान्झिस्टर आणखी लागेल.

आणि एक गोष्ट सर्किटची नाही पण सांगते. या रचनेत खालच्या खोलीतलं सगळं वर सतत ऐकू येतं. शेजारणीशी चाललेल्या गप्पा पण! तेव्हा आजीला सांगून लावा, आणि खालच्या डब्यावर बंद करायचा स्विच तिच्या हाताला येईल असा द्या.

प्रश्न (पुणे, ढोल पथकातली वादक) : सरावाचं रेकॉर्डिंग मोबाइलवर केलं की ढोलाचा आवाज फाटतो, नुसता पत्रा वाजल्यासारखा. एका साउंडवाल्याने सांगितलं की जुन्या स्पीकरचा माइक कर. तो चेष्टा करत होता का?

अजिबात नाही, धंद्यातला माणूस दिसतोय. १९६६ मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सच्या बास गिटारसाठी मोठा स्पीकरच माइक म्हणून गिटारच्या ॲम्पसमोर ठेवला होता. नंतर ड्रमच्या खालच्या आवाजासाठी यामाहाच्या एनएस-१० या स्टुडिओ स्पीकरचा पांढरा वूफर उलटा वापरायची पद्धत इतकी रुळली की यामाहाने स्वतःच तसा माइक विकायला काढला.

मोबाइलमधले माइक बहुतेक करून १२० डेसिबलच्या आसपास फाटायला लागतात, आणि ढोलाजवळ तेवढा आवाज सहज होतो. शिवाय फोनची सॉफ्टवेअर खालचे आवाज गोंगाट समजून कापतात, म्हणून पत्रा. स्पीकरचा कोन मोठा आणि जड, तो ढोलाने दबत नाही आणि खालच्या आवाजावर मनापासून हलतो. घुमारा येतो त्यात थोडा भाग त्या स्पीकरच्या स्वतःच्या डुलण्याचा असतो, अगदी खरा म्हणता येणार नाही, पण ऐकायला जे छातीत धडकतं ना ते येतं.

साडेसहा इंची वूफर घे, गाडीतला जुना चालेल, कोन फाटलेला नको. स्टँडवर असा बांध की थापेच्या पानापासून हातभर लांब राहील, अगदी चिकटवू नकोस कारण तिथे नुसता धक्का येतो. दोन टोकं कॅननच्या, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरच्या, पिन २ आणि ३ ला, पिन १ मोकळी किंवा स्पीकरच्या लोखंडी फ्रेमला. मिक्सरवर त्या चॅनलचं फँटम (मिक्सर माइकला पुरवतो ती वीज) बंद कर आणि सिग्नल कमी करणारं २० डेसिबलचं पॅड असेल तर ते दाब, कारण इथे उलटी तक्रार असते, सिग्नल जास्तच येतो. आणि टिपरूची टणक आणि ताशाची तडतड यात येणारच नाही, कोन जड आहे, तेवढा भरभर तो हलूच शकत नाही. त्यासाठी साधा माइक थोडा लांब ठेव आणि दोन्ही ट्रॅक नंतर मिसळ. एकट्या स्पीकरवरचं रेकॉर्डिंग ऐकलंस तर वाटेल सगळं पथक पांघरुणाखाली वाजवतंय.

प्रश्न (ठाणे) : मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी लावली आहे आणि माइक बंद केलाय. आता कोणी म्हणतंय हेडफोनमधूनही ऐकता येतं. काय करायचं माणसाने?

इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ मध्ये हे करून दाखवलंय. बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये रिअलटेकची ऑडिओ चिप असते आणि तिच्यात कुठला सॉकेट आउटपुट नि कुठला इनपुट हे सॉफ्टवेअरने बदलता येतं. ही चोरवाट नाही, सोय म्हणूनच दिलेली आहे, लिनक्सवर तर त्यासाठी तयार प्रोग्रॅम आहे. त्यांनी हेडफोनचा सॉकेट गुपचूप इनपुट केला आणि काही मीटरवरचं बोलणं हेडफोनमधून पकडलं.

घाबरायचं किती, तर त्यासाठी आधी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरायला हवा, आणि तो शिरला असेल तर तुमच्या फाइली आणि पासवर्ड आधीच गेलेत, हेडफोनचं दुःख शेवटी. तरीही महत्त्वाचं बोलताना हेडफोनची पिन काढून ठेवा, झालं. ज्या स्पीकरांना स्वतःची वीज लागते ते अशा कामाला येत नाहीत, कारण त्यांच्या आत ॲम्प्लिफायर असतो आणि त्यातून आवाज एकाच दिशेने जातो. लॅपटॉपच्या आतल्या स्पीकरचंही तेच.

प्रश्न (सावंतवाडी, नववीतली विद्यार्थिनी) : ताई, बझरची पितळी चकती एकतारीला चिकटवून माइक केला. मिक्सरला लावला तर किरकिरा आवाज येतो, तारेचा गोडवा येत नाही. चकती खराब आहे का?

चकती चांगली आहे गं. ती चुंबक-कॉइलवाली नाही, पायझो आहे, वाकली की वीज देते, आणि तिचं दुखणं हेडफोनच्या बरोबर उलटं असतं. २७ मिलिमीटरची चकती म्हणजे साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर समज. मिक्सरचं लाइन इनपुट १० किलोओहमचं असेल तर या दोघांच्या जोडीत ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे एकतारीचा जवळजवळ सगळा सूरच गेला, राहिली ती किरकिर. तेच इनपुट एक मेगओहमचं असलं तर ही हद्द ८ हर्ट्झवर येते, म्हणजे सगळं मिळतं. मिक्सरवर गिटारसाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं सॉकेट असेल तर त्यात लाव, बाकी काही करायला नको. नसेल तर चकती आणि मिक्सर यांच्यामध्ये एक एफईटी (एका जातीचा ट्रान्झिस्टर) घालून बफर करावा लागेल. वायर शील्डेड आणि छोटी घे. चकती घोडीजवळ दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने घट्ट बसव, सैल राहिली तर ती पण किरकिरते.

तुझ्या बाबांकडे जुन्या क्रिस्टल रेडिओचा पांढरट इअरफोन असेल तर तो पण याच जातीचा आणि माइक म्हणून चालतो, पण फार जुन्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात तो ओल धरून मरतो. मुका निघाला तर वायरी तपासत बसू नकोस.

प्रश्न (नाशिक) : ब्लूटूथ इअरबडचा माइक बिघडलाय, त्याच्या स्पीकरमध्ये बोलून काम होईल का?

नाही. आत स्पीकरच्या आधी ॲम्प्लिफायर आहे आणि ती चिप स्पीकरकडून काही ऐकायला तयारच केलेली नाही. फोडून त्यातला स्पीकर सुटा काढला तर तो माइक होईल, पण मग इअरबड राहणार नाही. त्यापेक्षा आधी माइकच्या बारक्या भोकातला मळ मऊ, कोरड्या ब्रशने काढून बघा, पुष्कळदा बिघाड तेवढाच असतो. सुई मात्र घालू नका.